भाषणात शब्दांना फक्त ७ टक्के किंमत? नाही!

बेळगावात पदवीच्या पहिल्या वर्षी भाषणकलेचा तास सुरू झाला की हमखास कानावर येतं: शब्दांचा परिणाम ७ टक्के, आवाजाचा ३८, हावभावांचा ५५. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले. त्यांत भाषण नव्हतंच. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाही एवढंच तपासलं होतं. सरसकट खरं असतं, तर कन्नड न येणाऱ्या खानापूरच्या आजीला कन्नड भाषण ९३ टक्के कळलं असतं. परवा एक मुलगी आरशासमोर हातवारे घोटून आली आणि तिसऱ्याच वाक्याला अडली. हातातली चिठ्ठी घामाने ओली. मग मुद्दे लिहून चारदा मोठ्याने बोलली, तेव्हा हात आपसूक हलले.