५२ लाखांचे २५ लाख झाले तेव्हा नेमकं काय झालं होतं

६ जुलै २००७. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री अंबुमणी रामदोस यांनी दिल्लीत देशातला एचआयव्हीचा नवा आकडा जाहीर केला, साधारण २५ लाख. त्याआधी नॅकोचा, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेचा, आकडा होता ५२ लाख, आणि संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्सने २००६ मध्ये ५७ लाख सांगितले होते, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या ५५ लाखांना मागे टाकून भारत जगात पहिला, असं तेव्हा सगळीकडे छापून आलेलं. मी त्या वेळी एका जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, काउन्सेलर होते. एक पॉझिटिव्ह ताई पेपरचं कात्रण घेऊन आल्या आणि म्हणाल्या, मॅडम, बाकीचे अर्धे बरे झाले का गेले? मला धड उत्तर देता आलं नाही. त्या एका दिवसात ना कोणी बरं झालं होतं ना कोणी गेलं होतं, मोजायची पद्धत बदलली होती. पण हे त्यांना कळेल असं सांगायला मागचं सगळंच सांगावं लागतं, म्हणून हे लिहितेय.

अशा आजारांची मोजणी आपल्याकडे पहिल्यापासून अवघड. एक तर कोणी बोलत नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात सिफिलिसला फिरंग रोग म्हटलंय, म्हणजे आजार फिरंग्यांनी आणला, आपला नव्हेच. मराठीत गरमी (सिफिलिस) आणि परमा (गनोरिया) हे शब्द घरोघरी माहीत, पण ते कुजबुजतच बोलायचे. इंग्रजांच्या काळात आकडे ठेवले गेले ते फौजेचे. गोऱ्या सैनिकांमध्ये गुप्तरोगासाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण १८९० च्या दशकाच्या मध्याला हजारी पाचशेच्या वर गेलं आणि त्यावरून केवढी तरी खळबळ झाली. पण त्या भरत्या होत्या, माणसं नव्हेत. एकच शिपाई वर्षात तीनदा भरती झाला तर तीन. आणि छावणीबाहेरच्या बाजारातल्या बायका, गावातले संसारी लोक यांचा त्यात पत्ताच नाही, बायका आल्या त्या फक्त लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगी बायकांना डांबून ठेवायच्या इस्पितळात, जबरदस्तीने तपासायला. जो हाताशी सापडतो त्यालाच मोजायचं ही सवय तिथपासूनची आहे, आणि पुढे एचआयव्हीच्या बाबतीतही गाडं तिथेच अडलं.

१९८६ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, मद्रास मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने देहविक्रय करणाऱ्या बायकांचे रक्ताचे नमुने गोळा केले, वेल्लोरला नेऊन तपासले आणि त्यातले सहा पॉझिटिव्ह निघाले. तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन. या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने वायआरजी केअर ही संस्था काढली. (आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत आहे, शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.) त्यानंतर मुंबईत चाचण्या सुरू झाल्या आणि नव्वदच्या दशकात तिथल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह सापडायला लागल्या. १९९२ ला नॅको झाली, त्याच वर्षी पुण्यात भोसरीला नारी म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था झाली.

आता देशाचा आकडा काढायचा कसा? प्रत्येकाची टेस्ट शक्य नाही. म्हणून सेंटिनल सर्व्हेलन्स, म्हणजे काही ठरावीक दवाखान्यांतले (साइट) नमुने ठरावीक काळाने तपासत राहायचे. १९९८ ला सुरू झालं, तेव्हा दरवर्षी व्हायचं, सुरुवातीला पावणेदोनशेच्या आसपास साइट. पद्धत अशी, की सिव्हिलच्या एएनसी (गरोदरपणाच्या तपासणीच्या) ओपीडीत गरोदर बाई पहिल्यांदा नाव नोंदवायला येते, तेव्हा तिचं व्हीडीआरएलसाठी, म्हणजे सिफिलिसच्या टेस्टसाठी, रक्त घेतातच. त्याच बाटलीतलं उरलेलं सीरम छोट्या ट्यूबमध्ये काढायचं, वर फक्त कोड नंबर, नाव नाही गाव नाही, आणि बर्फाच्या डब्यातून लॅबला पाठवायचं. तीन महिन्यांत ओळीने येतील तशा ४०० बायका, मधली एकही गाळायची नाही आणि मुद्दाम निवडायचीही नाही. एसटीडी म्हणजे गुप्तरोगांच्या क्लिनिकमध्ये असेच २५०. नमुना कोणाचा ते नंतर कोणालाच शोधता येत नाही, म्हणजे त्या बाईलाही त्यातून रिपोर्ट मिळत नाही, तिला स्वतःचं जाणून घ्यायचं असेल तर आयसीटीसीत वेगळी टेस्ट. मला हे सुरुवातीला फार टोचायचं. पण नाव जोडलं असतं तर अर्ध्या बायकांनी नकार दिला असता आणि मग आकडाच खोटा झाला असता, हेही तितकंच खरं.

मग या आकड्यांवरून गणित. गरोदर बायकांमधला दर घ्यायचा, तो सगळ्या प्रौढ बायकांना लावायचा, पुरुष किती पट धरायचे ते ठरवायचं, शहराचा आणि खेड्याचा फरक ठरवायचा, आणि शिवाय एसटीडी क्लिनिकमधला दर देशात गुप्तरोग असणाऱ्यांच्या अंदाजी संख्येला लावून तो भाग वर मिळवायचा. म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज. यातून १९९८ ला ३५ लाख आले, २००१ ला जवळपास ४० लाख, २००३ ला ५१ लाख आणि २००५ ला ५२ लाख. बाहेरचे लोक याहून मोठे आकडे सांगत होते, अमेरिकेच्या नॅशनल इंटेलिजन्स कौन्सिलने २००२ मध्ये लिहिलं की २०१० पर्यंत भारतात २ ते अडीच कोटी होतील. आम्ही ट्रेनिंगमध्ये हे आकडे ऐकून घरी जायचो आणि रात्री झोप लागायची नाही.

चूक कुठे होती? कोणी मुद्दाम फुगवलं असं मला वाटत नाही. सिव्हिलला कोण येतं याचा विचार पुरेसा झाला नव्हता. सरकारी दवाखान्यात गरीब जास्त येतात हे एक. दुसरं म्हणजे खासगी डॉक्टरला संशय आला की तो चिठ्ठी देतो, सिव्हिलला जा. आमच्याकडे अशा चिठ्ठ्या घेऊन बायका रोज यायच्या, सातव्या आठव्या महिन्यात, चप्पल हातात धरून व्हरांड्यात बसलेल्या, कारण तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलने डिलिव्हरीला नाही म्हटलेलं असायचं. म्हणजे आजूबाजूच्या गावांतल्या पॉझिटिव्ह बायका एका ओपीडीत गोळा होणार आणि मग तिथला दर सगळ्या जिल्ह्याला लावला जाणार. त्यात एसटीडी क्लिनिकचा आकडा वरून मिळवला की सूज अजून वाढते.

आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात ललित दंडोना आणि त्यांच्या टीमने हे करून दाखवलं. दवाखान्यात बसून नाही तर घरोघरी जाऊन १२ हजारांवर लोकांचं रक्त तपासलं आणि २००६ च्या शेवटी पेपर छापला, जुन्या सेंटिनल पद्धतीने जिल्ह्याचा जो आकडा येत होता तो प्रत्यक्षाच्या साधारण अडीच पट होता. एवढा एक जिल्हा, पण त्यातून कारणं दिसली.

पाठोपाठ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, एनएफएचएस ३, २००५-०६. तिचं काम मुंबईत गोवंडी-देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेकडे, म्हणजे आपल्या हार्बर लाइनवरच. पहिल्यांदाच देशभर १ लाखाच्या वर लोकांची एचआयव्ही टेस्ट घरात बसून झाली. परवानगी विचारायची, बोट टोचायचं, फिल्टर पेपरवर छापलेल्या गोलांमध्ये एकेक थेंब नीट भरायचा, तो कागद रात्रभर वाळवायचा, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत पिशवीत बंद करायचा, वर बारकोड. रक्त नेताना बर्फ लागत नाही ही त्यातली मोठी सोय. निकाल आला १५ ते ४९ वयात ०.२८ टक्के. महाराष्ट्र ०.६२, आंध्र ०.९७, मणिपूर १.१३, आणि उत्तर प्रदेश फक्त ०.०७. राज्याराज्यांतला हा फरक पाहिला की देशाचा एकच आकडा किती कमी सांगतो ते कळतं.

पण घरोघरच्या पाहणीतही भगदाड आहेच. जो घरी राहत नाही तो सापडत नाही. ट्रक ड्रायव्हर, बांधकामावरचे मजूर, कामाठीपुऱ्यातल्या बायका, जेलमधले, आणि टेस्टला नको म्हणणारे. म्हणून ०.२८ तसाच उचलला नाही, जास्त जोखमीच्या गटांचा हिशेब वेगळा करून मिळवला, तोवर सेंटिनलच्या साइटही ११२२ झाल्या होत्या, या सगळ्याला एकत्र धरून ०.३६ टक्के आणि २४.७ लाख हा आकडा आला, आणि तोही २० ते ३१ लाखांच्या मधे कुठेतरी असं स्पष्ट सांगून. ही मधली रेंज बऱ्याच बातम्यांत आलीच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि आता माझा मुद्दा. किती आहेत हा एक प्रश्न, आणि वाढतायत की कमी होतायत हा वेगळा प्रश्न. दोन्हींना एकच आकडा लावला की घोळ होतो. ५२ लाखांवरून २५ लाख ही घसरण नव्हतीच. घसरण बघायची तर नव्या पद्धतीने जुनी वर्षंही परत मोजावी लागतात, आणि तज्ञांनी ती मोजली, २००२ चं ०.४५ आणि २००६ चं ०.३६. ही खरी घसरण, हळूहळू होणारी.

आणि ज्या सेंटिनलला सगळ्यांनी नावं ठेवली तिने ही घसरण आधीच दाखवली होती! २००६ मध्येच राजेश कुमार, प्रभात झा वगैरे संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं की महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू या चार राज्यांत १५ ते २४ वयाच्या गरोदर मुलींमधलं प्रमाण २००० ते २००४ मध्ये १.७ वरून १.१ टक्क्यावर आलं. सिव्हिलला येणाऱ्या बायका जास्त गरीब असतील, चिठ्ठीवाल्या असतील, पण दरवर्षी तशाच असतील तर उतार खरा दिसतो. तरुण मुली यासाठी, की त्यांची लागण बहुतेक अलीकडची, जुनी साचलेली नाही. वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी त्याच काट्यावर दर महिन्याला उभं राहिलं तर वजन उतरतंय का ते कळतंच की. फक्त काटा तोच हवा, आणि इथे साइट दरवर्षी वाढत गेल्या, नवे जिल्हे आले, म्हणून सगळ्या साइटची सरसकट सरासरी काढून मागच्या वर्षाशी तुलना करता येत नाही.

भूतकाळही पक्का नसतो. २०१७ च्या अंदाजात देशाचं शिखर ०.३८ टक्के होतं, २०१९ च्या अंदाजात तेच शिखर २००० च्या सुमाराला ०.५४ टक्के झालं, मॉडेल बदललं, नवी माहिती आली. त्या त्या वर्षीचं प्रमाण मात्र दोन्हीकडे ०.२२ टक्के. दोन वेगळ्या अहवालांतले आकडे उचलून ग्राफ काढणाऱ्यांनी हे आधी बघावं. २०१९ चा एकूण आकडा २३.४९ लाख, आणि त्यात सगळ्यात जास्त लोक आपल्या महाराष्ट्रात, ४ लाखांच्या आसपास.

एचआयव्हीसाठी एवढं सगळं झालं. गरमी आणि परमा यांच्यासाठी? २००२-०३ च्या पाहणीवरून प्रौढांपैकी साधारण ६ टक्के हा आकडा सरकारी कागदांवर वर्षानुवर्षं फिरत राहिला, आणि त्यात लैंगिक संबंधातून होणारे आणि नुसते अंगावरून जाण्याचे आजार एकत्रच. आमच्या शेजारच्या खोलीत गुप्तरोगांसाठीचं सरकारी सुरक्षा क्लिनिक होतं. तिथे लक्षणावरून औषध देतात, रंगाच्या किटमधून. लघवीच्या जागेतून पू येतो म्हणाला की ग्रे किट, ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झाइम, समोरच गिळायला लावायचं. पेशंटसाठी हे उत्तम, कारण रिपोर्टला परत ये म्हटलं तर तो परत येत नाही, मी कितीदा पाहिलंय. पण रजिस्टरमध्ये लिहिलं जातं ते किट १, म्हणजे हेच ग्रे किट. तो परमा होता की क्लॅमिडिया हा दुसरा गुप्तरोग की दोन्ही, हे ना त्याला कळलं ना दिल्लीला. आणि ज्या बायकांना काही लक्षणच नाही त्या तर दारातही येत नाहीत, आणि अशाच बायका जास्त.

२०२१ च्या सेंटिनल फेरीपासून एचआयव्हीच्या जोडीला सिफिलिस, हेपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणीही घेतली, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच आता एड्सबरोबर एसटीडी आलंय. सिफिलिस त्या रक्तात सापडतो. परमा आणि क्लॅमिडिया नाही सापडत, त्यांना लघवी नाहीतर स्वॅब लागतो.