हंगामाआधीची फुलरोपे: बी पेरण्यापूर्वी हे वाचा

बी हातात पडलं की पेरायची घाई होते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ या घाईतच असतं. आधी रोपं बाहेर कधी लावणार ते ठरवा आणि तिथून मागे मोजत या. पिटुनियाला १० ते १२ आठवडे लागतात, झेंडूला ६ ते ८, झिनियाला ४ ते ५ पुरतात. झिनिया पिटुनियाच्या बरोबरीने पेरलात, तर बाहेरची थंडी ओसरेपर्यंत त्याची मुळं ट्रेच्या कप्प्यात गोल फिरून गुंतलेली असतील. अशी वय झालेली रोपं जमिनीत गेल्यावरही बरेच दिवस नुसती उभी राहतात.

ट्रेमध्ये बागेतली माती भरू नका. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) पुरे. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. इतकाच ओलावा हवा. खत अजून नको.

पाकिटावर ‘उजेडात उगवणारे’ की ‘अंधारात उगवणारे’ हे छापलेलं असतं, ते जरूर बघा. पिटुनियाचं बी इतकं बारीक की १ ग्रॅममध्ये साधारण १० हजार दाणे बसतात. ते वरून टाकायचं, हलकेच दाबायचं, झाकायचं नाही. अँटिऱ्हिनमचंही (डॉग फ्लॉवर) तसंच. पॅन्सी आणि सदाफुलीला मात्र अंधार लागतो, म्हणून बारीक थर द्या. झेंडूवर अर्धा सेंटिमीटर कोकोपीट पुरे. बारीक बियांवर झारी धरू नका, दाणे वाहून एका कोपऱ्यात जमतात. ट्रे उथळ पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या.

उगवणीसाठी बहुतेक फुलांना २१ ते २४ अंश तापमान लागतं, पॅन्सीला १८ ते २०. हे आकडे कोकोपीटचे आहेत, हवेचे नव्हेत. पाणी उडत असल्यामुळे ओलं कोकोपीट हवेपेक्षा दोन-चार अंशांनी थंड असतं, म्हणून थर्मामीटर ट्रेतच खोचा. ट्रेखाली तापणारी चटई असेल तर उत्तम. धुराडं नसलेली रॉकेलची किंवा गॅसची शेगडी हरितगृहात लावू नका. अर्धवट जळणातून इथिलीन वायू सुटतो आणि कोवळी पानं वेडीवाकडी होतात. लोक मग रोग समजून औषधं फवारत बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी ट्रेवरचं झाकण असेल तर काढा, ट्रे भरपूर उजेडात न्या आणि तापमान १५ ते १८ अंशांवर आणा. उबेत आणि अंधुक उजेडात ठेवलेला कोंब एका दिवसात दोऱ्यासारखा लांबतो, आणि लांबलेला देठ नंतर काही केल्या आखूड होत नाही. ‘सगळं बी उगवू दे, मग हलवू’ म्हणून थांबू नका. निम्मं उगवलं तरी पुरे.

रोपाचा देठ मातीलगत बारीक होऊन ते आडवं पडलं, तर तो मर रोग. त्या कप्प्यातली आणि शेजारच्या कप्प्यांतली रोपं लगेच काढून टाका. पाणी सकाळीच द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात. बाहेर गारठा असला तरी दुपारी थोडा वेळ खिडकी उघडा. कोंदट हवेत हा रोग भराभर पसरतो.

पहिली खरी पानं (बीपानांनंतर येणारी) आली की पाण्यात विरघळणारं खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने, आठवड्यातून एकदा द्या. बाहेर लावण्याआधी ७ ते १० दिवस रोपं रोज थोडी जास्त वेळ बाहेर ठेवा. पहिल्या दिवशी सावलीत तासभर बास. वारा असेल तर आडोशाला.

उरलेलं बी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा. झेंडू, झिनिया पुढच्या हंगामातही उगवतील. लेप दिलेलं गोळीदार बी मात्र याच हंगामात संपवा.