‘टिल’ आणि ‘बाय’: दोन्ही ‘पर्यंत’च, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही

टिल म्हणजे पर्यंत, हे शाळेपासून पाठ आहे आणि त्यात फारसं कोणी चुकत नाही. ‘आय विल वेट टिल फाइव्ह’, मी पाचपर्यंत थांबतो. अनटिलचा अर्थ पण अगदी तोच, फक्त स्पेलिंगमध्ये टिलला दोन एल आणि अनटिलला एकच. आणि टिल हा अनटिलचा शॉर्टफॉर्म नाहीये, उलट टिल हा शब्द जुना आणि अनटिल नंतरचा, त्यामुळे टिलच्या डोक्यावर अपॉस्ट्रॉफी टांगायची काही गरज नाही. झालं टिलचं.

घोळ होतो तो बायपाशी. रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द म्हणून ज्या पीडीएफ फिरत असतात त्यात बघा, बायपुढे ‘ने, कडून, जवळ’ एवढंच लिहिलेलं असतं, वेळेचा अर्थ बऱ्याचदा नसतोच. मग ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतो’ हे इंग्रजीत लिहायची वेळ आली की डोक्यात पर्यंतसाठी एकच शब्द असतो आणि मेल जातो, ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’. चांगले शिकलेले, हुशार लोक रोज असं लिहितात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नाही, नुसता शब्द आणि समोर अर्थ अशी यादी पाठ करायला लावणाऱ्यांची आहे.

तर फरक असा. टिल म्हणजे एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालूच राहते. थांबणं, झोपणं, दुकान उघडं असणं, नोकरी करणं. बाय म्हणजे गोष्ट एकदाच घडणार आणि ती जास्तीत जास्त त्या वेळेपर्यंत उरकणार, आधी उरकली तरी चालेल. पाठवणं, फी भरणं, पोचणं, संपवणं. म्हणून वरचा मेल इंग्रजी कानाला असा लागतो की हा माणूस आत्तापासून शुक्रवारपर्यंत एकसारखा रिपोर्ट पाठवतच बसणार आहे. तिथे हवं ‘आय विल सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे’.

ओळखायचं कसं, तर मराठीतच ओळखायचं, व्याकरणाचं पुस्तक उघडायची गरज नाही. ‘पर्यंत’ काढा आणि ‘च्या आत’ टाकून बघा. ‘10 तारखेच्या आत फी भरा’, बरोबर वाटतं ना, मग बाय: ‘पे द फीज बाय द टेन्थ’. ‘मी पाचच्या आत थांबतो’, हे कोणी म्हणत नाही, मग टिल. ‘31 जुलैच्या आत रिटर्न भरा’, बाय. ‘दुकान रात्री नऊच्या आत उघडं असतं’, नाही जमत, टिल. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्यांना मी नियम सांगायच्या आधी हेच करायला लावते आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं.

क्रियापद मध्ये घेऊन येणारी वाक्यं पण अशीच. ‘तू येईपर्यंत मी थांबते’ म्हणजे ‘आय विल वेट टिल यू कम’, पण ‘तू येईपर्यंत स्वयंपाक झालेला असेल’ इथे ‘बाय द टाइम यू कम’. नुसतं ‘बाय यू कम’ होत नाही.

आता खरी अडचण, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. वाक्यात नकार आला की टिलचा अर्थ आपल्या ‘पर्यंत’ला सोडून वेगळीकडेच जातो. समजा फ्रिज दुरुस्तीवाला आलाच नाही आणि तुम्ही तक्रारीत लिहिलंत, ‘द टेक्निशियन डिड नॉट कम टिल फाइव्ह’. तुमच्या मनात, पाच वाजेपर्यंत वाट बघितली, तो आला नाही. वाचणाऱ्याला सहसा कळतं की तो पाचला आला, फक्त उशिरा आला. म्हणजे तुमची तक्रार तुम्हीच अर्धी करून टाकलीत! लिहायला हवं ‘हॅड नॉट कम बाय फाइव्ह’, आणि नंतरही आला नसेल तर सरळ ‘डिड नॉट कम ॲट ऑल’. तसंच ‘द ऑफिस वोन्ट ओपन टिल मंडे’ म्हणजे ऑफिस सोमवारी उघडणार. मराठीत ‘सोमवारपर्यंत उघडणार नाही’ म्हटलं की सोमवारी उघडणार की मंगळवारी असा प्रश्न राहतो, इंग्रजीत शक्यतो राहत नाही.

याच्याच जोडीला ‘अनटिल यू डोन्ट पे’. आपण ‘तुम्ही पैसे भरत नाही तोपर्यंत’ म्हणतो, त्यातला ‘नाही’ उचलून तिकडे नेतो. इंग्रजीत अनटिलच्या पोटातच तो नकार आहे, परत घालायचा नाही: ‘अनटिल यू पे, वी कान्ट स्टार्ट द वर्क’. ही चूक मला छापील नोटिशींवर दिसते तेव्हा तर फारच खटकतं, कारण पोरं तीच वाचून शिकतात.

‘टिल डेट’ आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालतं, बाहेरच्या लोकांना लिहिताना ‘टू डेट’ किंवा ‘सो फार’ लिहा. आणि जागेसाठी टिल टाळा, गाडी कर्जतपर्यंत जाते तर ‘ॲज फार ॲज कर्जत’.

बायमध्ये तो दिवस धरलेला असतो, शुक्रवारी संध्याकाळी पाठवलं तरी चालतं. बिफोर फ्रायडे म्हटलं तर गुरुवारीच जायला हवं. टिलचं मात्र सुट्टीच्या मेलमध्ये अडतं, ‘ऑन लीव्ह टिल द फिफ्थ’ लिहिलं की 5 तारखेला तुम्ही येणार की नाही हे इंग्रजांनाही नक्की कळत नाही. तिथे ‘बॅक ॲट वर्क ऑन द सिक्स्थ’ असं लिहून टाकायचं.