चालणं कुठे संपतं आणि धावणं कुठे सुरू होतं?

ट्रेडमिलवर वेग हळूहळू वाढवत नेला, की ताशी ७ किलोमीटरच्या आसपास पाय आपोआप धावायला लागतात. हट्टानं चालतच राहिलं, तर नडगीपुढचे स्नायू भरून येतात. याचं कारण दमसासात कमी आणि पायाच्या लांबीत जास्त सापडतं.

चालताना टाच टेकते, गुडघा जवळजवळ ताठ होतो आणि सगळं धड त्या पायावरून कमानीसारखं वर चढून पलीकडे उतरतं. म्हणजे पाय हा उलटा टांगलेला लंबकच. चढताना वेग थोडा घटतो आणि उंची वाढते. उतरताना त्याच उंचीचा पुन्हा वेग होतो. बेताच्या चालीत जवळजवळ दोन तृतीयांश यांत्रिक ऊर्जा अशी परत मिळते. माणूस दिवसभर चालू शकतो, त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे.

पण कमानीवरून जाणाऱ्या शरीराला खाली ओढून धरायला फक्त गुरुत्वाकर्षण असतं. वेग फार वाढला की ती ओढ अपुरी पडते आणि पाय जमिनीवरून सुटतात. ९० सेंटिमीटर लांबीच्या पायासाठी ही मर्यादा ताशी साधारण १०.७ किलोमीटर येते. शरीर तिथवर ताणत नाही, बरंच आधी चाल बदलतं. धावताना गणित उलटं होतं: पाऊल टेकलेलं असताना धड सर्वांत खाली असतं आणि टाचेमागचा स्नायुबंध स्प्रिंगसारखा ताणून ऊर्जा साठवतो.

जहाजांच्या अभ्यासासाठी विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्यानं वापरलेलं गुणोत्तर इथेही लागू पडतं: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि पायाची लांबी यांचा गुणाकार. हा आकडा अर्ध्याजवळ आला, की चालणं सुटतं. प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी याच विचाराच्या आधारे १९७६ साली पाऊलखुणांवरून डायनोसॉरच्या वेगाचा अंदाज बांधला. मला या सूत्राची खरी गंमत बाजारात दिसते. बोट धरून चाललेल्या लहानग्याचा पाय जेमतेम ४० सेंटिमीटरचा. त्याची सीमा ताशी ५ किलोमीटर, म्हणजे नेमकी आईची नेहमीची चाल. तिनं जरा पाय उचलला, की पोराला दुडूदुडू पळावंच लागतं. तेव्हा ‘नीट चाल’ म्हणून त्याला दटावू नये.

चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश असल्यानं मोठ्या माणसाचीही ही सीमा ताशी ३ किलोमीटरवर येते. जुलै १९६९मध्ये अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी तिथे कांगारूसारख्या उड्याही मारून पाहिल्या.

मग चालण्याच्या शर्यतीतले अव्वल खेळाडू २० किलोमीटर ८० मिनिटांच्या आत, ताशी १५ किलोमीटरच्या वर, कसे चालतात? कंबर फिरवून आणि एका बाजूला झुकवून ते धडाची कमान चपटी करतात, त्यामुळे शरीर फारसं उचललंच जात नाही. तरीही क्षणभर दोन्ही पाय हवेत असतातच. नियमानुसार, पंचाच्या नुसत्या डोळ्यांना ते दिसलं तरच दोष धरला जातो.