अंधत्व आणि इतर इंद्रियांची तीक्ष्णता

दृष्टी गेली की कान, नाक आणि बोटे आपोआप तल्लख होतात, ही जगभर आढळणारी समजूत खानदेशातही घट्ट आहे. नुसत्या पावलांवरून माणूस ओळखला, नोट हाताला लागताच सांगितली, अशी उदाहरणे पारावर कौतुकाने निघतात. त्याच पारावर ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हणही चालते; तिच्यातल्या आंधळ्याला मात्र जात्याशेजारचे कुत्रेही ऐकू येत नाही! दोन्ही समजुती अर्धवट आहेत. कान आणि त्वचा होती तशीच राहतात. बदलतो तो मेंदू आणि सराव, आणि तोही ठरावीक कामांपुरता.

कान तपासण्याच्या यंत्रावर अंध आणि डोळस यांना ऐकू येणारा सर्वांत बारीक आवाज साधारण सारखाच निघतो. फरक दिसतो तो ऐकलेल्याचा अर्थ लावण्यात. जन्मापासून किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत दृष्टी गेलेल्यांना सुरातला सूक्ष्म चढउतार आणि बाजूने आलेल्या आवाजाची दिशा सरस कळते, असे अनेक प्रयोगांत आढळले. त्यांच्यातल्या काहींना एका कानावरही दिशा सांगता येते. पण आवाज किती उंचीवरून आला हे ठरवताना त्यांच्यातले बरेचजण डोळस माणसांपेक्षा कमी पडतात. ओळीने तीन आवाज करून ‘मधला पहिल्याच्या जवळ की तिसऱ्याच्या?’ असे विचारले, तर जन्मांध व्यक्ती डोळसांपेक्षा ठळकपणे चुकतात. अवकाशाचा नकाशा कानाला शिकवण्याचे काम लहानपणी डोळे करतात; तो गुरूच नसेल तर काही धडे कच्चे राहतात.

मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचे केंद्र असते. डोळ्यांकडून काहीच येत नसले तरी ते रिकामे बसत नाही. ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी, वाचताना अंधांमध्ये हा भाग काम करतो, हे १९९६ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसले. पुढच्याच वर्षी त्या भागावर चुंबकीय स्पंद देऊन त्याचे काम क्षणभर विस्कटले, तेव्हा लहानपणापासून अंध असलेल्यांचे ब्रेल वाचनही विस्कटले. जन्मांध आणि ब्रेलमध्ये तरबेज असलेल्या एका स्त्रीला पक्षाघातात मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या याच भागाला इजा झाली. तिच्या बोटांची संवेदना शाबूत राहिली, ब्रेल मात्र वाचता येईना. डोळस माणसांचे डोळे पाच दिवस बांधून ठेवले तरी हा भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागतो आणि पट्टी काढल्यावर दिवसभरात पूर्ववत होतो. आंधळी कोशिंबीर खेळताना पट्टी बांधल्याबरोबर कान तीक्ष्ण होत नाहीत, हे मात्र कोणत्याही पोराला ठाऊक असते.

भिंत आल्याचे काही अंधांना स्पर्शाआधीच कळते. जुने लोक याला ‘चेहऱ्याला जाणवणे’ म्हणत. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांत चेहरा आणि हात जाड कापडाने झाकूनही अंध व्यक्ती अडथळा ओळखत राहिल्या. कान बंद केले तेव्हा मात्र त्या धडकल्या. म्हणजे ही जाणीव कानाची आहे. दीड मीटरवरच्या भिंतीकडून पावलाचा आवाज सुमारे नऊ सहस्रांश सेकंदात परत येतो. तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही. आवाजाचा पोत तेवढा बदलतो. उंच स्वर ऐकण्याची क्षमता उतारवयात कमी होते, तशी ही जाणीवही बोथट होते.

खानदेशात ही जाणीव उन्हाळ्यात सर्वाधिक अडते. उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून डोक्याला आणि कानांना रुमाल घट्ट बांधतात. अंध माणसाने तसे केले की त्याची भिंत ओळखण्याची सोयच झाकली जाते. रुमाल कपाळावर आणि मानेवर घ्यावा, कान निदान चौफुली ओलांडताना उघडे ठेवावेत. दुसरा शत्रू कूलर. मार्चपासून घराघरांत त्याची एकसुरी घरघर चालते आणि तिच्यात पावलांचे बारीक परतीचे आवाज बुडतात. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या कारखान्याच्या आसपास, गाडी लागताना भुसावळच्या फलाटावर, किंवा वारा सुटल्यावर केळीच्या बागेशेजारून जातानाही तेच होते: पाने एवढी सळसळतात की मागून येणारी मोटारसायकल उशिरा कळते. शेणमातीने सारवलेल्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरापेक्षा सिमेंटची भिंत आवाज चांगला परतवते, म्हणून जुन्या घरातून नव्या बांधकामात राहायला गेलेल्या माणसाचा अंदाज काही दिवस चुकतो. इथे कान बिघडलेला नसतो. खुणा बदललेल्या असतात.

जिभेने ‘टक्’ असा छोटा, कोरडा आवाज काढून अंतर जोखण्याची पद्धत शिकता येते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत वीस सत्रे घेतल्यावर अंध आणि डोळस दोघेही ती शिकले; वयाचा मोठा अडसर दिसला नाही. सुरुवात शांत खोलीत, हातभर अंतरावर धरलेल्या परातीपासून करावी: परात आहे की नाही, मग डावीकडे की उजवीकडे, मग किती लांब. टक् लांबवली की परतीचा आवाज तिच्याखाली झाकला जातो, ही नवशिक्याची नेहमीची चूक. खड्डा, पायरी, उघडी गटार यांचा पत्ता या पद्धतीने लागत नाही, त्यासाठी पांढरी काठीच हवी. तिची लांबी जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत असावी. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे आणि उजवा पडताना डावीकडे टेकवायचे; कमान खांद्यांच्या रुंदीपेक्षा जराशी जास्त. काठीच्या वर राहणाऱ्या वस्तू, म्हणजे दुकानाचा पुढे आलेला पत्रा किंवा कापसाने ठासलेली ट्रॉली, तिला कळत नाहीत. तिथे कान उपयोगी पडतो. दोन्ही मिळूनच काम भागते.

स्पर्शाचे गणितही सरावाचे आहे. अंधांची बोटे बारीक रेघा ओळखण्यात सरस ठरतात, ओठ मात्र ठरत नाहीत. ब्रेल वाचते ते बोट, ओठ नव्हे. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात, शेजारच्या ठिपक्यांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर, उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. बोट हलके सरकवायचे असते. दाबून धरले की आकार हरवतो. १९५१ पासून भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल आहे. तीत ऱ्हस्व वेलांटी छापील अक्षरासारखी आधी न येता व्यंजनानंतर येते. कापूस वेचून, बोंडाची टोके टोचून घट्टे पडलेल्या हाताला सुरुवात जड जाते. मे महिन्यात घामेजलेले बोट कागदावर अडकते, त्यासाठी शेजारी कोरडे फडके ठेवावे. मधुमेहाने दृष्टी गेली असेल, तर त्याच रोगाने बोटेही बधिर झालेली असू शकतात. अशा माणसावर ब्रेलची सक्ती करण्यापेक्षा बोलणारा फोन बरा.

नोट ओळखणे हे वाटते तेवढे जादूचे नाही. सध्याच्या १०० च्या नोटेची लांबी १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर. फरक चार-चार मिलिमीटरचा. उठावदार खुणा (१०० वर त्रिकोण, ५०० वर वर्तुळ) नव्या नोटेवर लागतात, पण भाजीबाजारात फिरून मऊ झालेल्या नोटेवर घासून जातात. म्हणून मुरलेला माणूस एकदा ओळख पटवून प्रत्येक किमतीच्या नोटेला वेगळी घडी घालतो.

वासाबाबत अंध आणि डोळस यांच्यात ठाम फरक सापडलेला नाही. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्यांवर वांगी भाजली जात असल्याचे हिवाळ्यात सगळ्या गल्लीला कळते. अंध माणूस त्यावरून घर हेरतो, कारण तो वासाकडे लक्ष देतो. वारा फिरला की ही खूणही फिरते, आणि नाक एका वासाला काही मिनिटांतच सरावते. त्यामुळे वास हा पत्त्याचा दुय्यम पुरावाच समजावा.

हे सारे बहुतांशी लहानपणी दृष्टी गेलेल्यांबद्दल आहे. भारतात पन्नाशीपुढच्या अंधत्वाच्या सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत कारण मोतीबिंदू असते, असे २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. सत्तरीत दृष्टी गेलेल्या आजोबांचे कान आता तीक्ष्ण होतील म्हणून कुणी थांबू नये. त्यांचे कान बहुधा आधीच मंद झालेले असतात, आणि मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होते.