अँटीबॉडी ‘निगेटिव्ह’, म्हणजे लस पाण्यात?

इंदूरच्या रामबागेत पोह्यांवर जिरावण टाकता टाकता अजूनही कुणीतरी २०२१चा किस्सा काढतंच: ‘कोविशील्डचे दोन्ही डोस घेतले, तरी अँटीबॉडी निगेटिव्ह! लस पाण्यात गेली.’

नाही हो काका. रिपोर्टवरचं बारीक अक्षर वाचा: ‘न्यूक्लिओकॅप्सिड’. हे विषाणूच्या पोटातलं प्रथिन; तुमच्या चाचणीने त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधल्या. कोविशील्ड शरीराला फक्त बाहेरचे काटे, म्हणजे स्पाइक प्रथिन, ओळखायला शिकवते. जो धडा शिकवलाच नाही, त्यावर परीक्षा घेतली तर भोपळाच मिळणार!

स्पाइकची चाचणी केली तरी आकडा काही महिन्यांत उतरतोच. मागे राहतात त्या प्रतिकारशक्तीच्या स्मृतिपेशी आणि टी-पेशी. विषाणू पुन्हा आला की त्या कामाला लागतात. अँटीबॉडी चाचणीत मात्र त्या दिसतच नाहीत.