तालीम मंडळ (कोल्हापूर)

कोल्हापूर शहराच्या जुन्या पेठांतील रहिवाशांनी स्वतः उभारलेली आणि पगारी नोकरांशिवाय चालविलेली संस्था, तसेच तिची वास्तू. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, बुधवार पेठ अशा भागांत थोड्या थोड्या अंतरावर एकेक तालीम आढळते. खंडोबा, पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, संध्यामठ, अवचितपीर, ऋणमुक्तेश्वर ही त्यांतली काही परिचित नावे. माणूस कुठल्या तालमीचा हे कळले की तो कुठल्या गल्लीतला हे कोल्हापुरात वेगळे विचारावे लागत नाही.

जुन्या तालमीची बांधणी कुस्तीच्या सोयीची असे. जाड भिंती, वाकून आत शिरावे लागेल असा दरवाजा, मध्ये हौदा म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा आणि कोनाड्यात मारुती. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवीत. माती उकरणे हाच पोरांचा पहिला व्यायाम; जोर-बैठका त्यानंतर. वस्ताद बहुधा पेठेतलाच जुना पैलवान असे आणि त्याचा शब्द तालमीबाहेरही चाले.

या संस्थांना बळ मिळाले ते राजर्षी शाहू महाराजांच्या काळात (1894–1922). महाराज स्वतः कुस्तीचे दर्दी होते आणि मल्लांना दरबारातून खुराक मिळे. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले. त्या धर्तीवर बांधलेले खासबाग मैदान 1912 मध्ये पुरे झाले. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींत बाहेरगावचे मल्ल राहून सराव करू लागले. 1959 चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्याच मातीत घडले. मात्र या निवासी तालमी आणि पेठेतल्या तालमी यांत गल्लत करू नये. पेठेतली तालीम मोठे मल्ल घडवण्यासाठी नव्हतीच. संध्याकाळी पोरांनी अंग कमवावे, थोरांनी कट्ट्यावर बसून तंटे मिटवावेत, एवढाच तिचा आवाका होता. पुढे कुस्ती मागे पडली, अनेक ठिकाणी हौदा बुजवून फरशी आली, वर व्यायामशाळा नि सभागृह चढले, तरी तालीम टिकली ती त्यामुळेच.

वर्षभराचे सणवार तालमीच्या अंगणातच होतात. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी ‘पी ढबाक’ या पारंपरिक वाद्याच्या गजरात त्र्यंबोली देवीला नेतात. गणेशोत्सवाच्या विसर्जन मिरवणुकीत पहिला मान तुकाराम माळी तालीम मंडळाच्या गणपतीचा असतो. मोहरमला अनेक तालमींत पंजे (पीरांची प्रतीके) बसतात; बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर हा पंजा प्रसिद्ध आहे. पंजांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घराणी मोठ्या संख्येने असतात. चांद्र पंचांगामुळे 2018 ते 2020 या वर्षांत गणपती व मोहरम एकाच सुमारास आले, तेव्हा काही तालमींत दोहोंची प्रतिष्ठापना एकाच छताखाली झाली. बाहेरच्यांना याचे फार अप्रूप वाटते, पेठेला वाटत नाही. 2019 व 2021 च्या महापुरांत जेवण शिजवून पूरग्रस्तांपर्यंत पोचविण्यात हीच मंडळे पुढे होती. खर्च वर्गणीतून, देणग्यांतून आणि जिथे इमारतीत गाळे काढले आहेत तिथे भाड्यातून भागतो. पदाधिकारी मानधन घेत नाहीत. निवडणुकीच्या काळात तालमीचा पाठिंबा मिळवायला उमेदवार उंबरे झिजवतात, हा पदाचा खरा मोबदला म्हणावा लागेल.

आज मात्र तालमींची ओळख फुटबॉलमुळे अधिक आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये शाहू स्टेडियमवर उतरणारे बहुतेक संघ तालमींचे किंवा तरुण मंडळांचे असतात. ‘पीटीएम’ या नावाने ओळखला जाणारा पाटाकडील तालीम मंडळाचा संघ आणि दिलबहार यांचा सामना असला की स्टेडियम भरते. कधी ईर्ष्या मैदानाबाहेर जाते, दगडफेक होते, पोलिसांना मध्ये पडावे लागते. पूर्वी संघात पेठेतलीच पोरे असत आणि बूट-जर्सीचा खर्च गल्ली उचले. आता करार करून परगावचे, काही आफ्रिकी देशांतलेही खेळाडू आणले जातात. खेळाचा दर्जा त्याने वाढला यात शंका नाही. पण पेठेतल्या पोराला स्वतःच्याच तालमीच्या संघात जागा मिळणे अवघड झाले, ही जुन्या खेळाडूंची तक्रार खोटी नाही.